व्हीनस यॉटचं बाहेरचं डिझाइन: शांत वाटतं की रिकामं?

मयूरेश_के
ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्ककडून डिझाइन करून घेतलेली व्हीनस यॉट कुणी नीट बघितलीय का? नेदरलँड्समध्ये आल्समीरच्या फेडशिप या बोटी बांधणाऱ्या कंपनीच्या यार्डात बांधली, ऑक्टोबर २०१२ मध्ये पाण्यात उतरली, जॉब्स त्याच्या वर्षभर आधीच गेला होता. ७८ मीटर लांब, ॲल्युमिनियमची. दोन दिवस फोटो झूम करकरून बघतोय आणि माझं मत काही ठरत नाहीये. सरळ बॉडी, पुढचं टोक उभं कापल्यासारखं, वर लांबच लांब काच, बास. एकदा वाटतं इतकी शांत बोट दुसरी नाही, परत बघितलं की वाटतं खोकी एकावर एक ठेवलीयत. मी प्रॉडक्ट डिझाइन शिकतोय, अजून काय काढून टाकता येईल हा प्रश्न आम्हाला रोजचा, पण बोटीत नेमकं कुठे थांबायचं?

सायली_आर्किटेक्ट
मला प्रचंड आवडते. माझ्याकडे क्लायंट येतात, म्हणतात स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, नको, भिंत क्लीन हवी, त्यांना सांगावं लागतं की भिंत आणि फरशीच्या जोडातला फरक स्कर्टिंगच झाकतं, ते काढलं तर गवंडी फार चांगला लागतो आणि वेळ दुप्पट. इथे तेच, फक्त ७८ मीटरवर. वेल्डिंगने ॲल्युमिनियमचा पत्रा ओढला जातोच, मग फिलर भरायचं, लांब पट्टीने घासायचं, परत भरायचं, परत घासायचं, कारण सपाट चकचकीत बाजूवर तिरपं ऊन पडलं की बारीकशी लाटसुद्धा दिसते आणि ती लपवायला पट्टी नाही की मोल्डिंग नाही. काचेचंही तसंच. ४० फूट लांब आणि १० फूट उंच काचेच्या भिंती ठरवल्या होत्या, आणि ॲपल स्टोअरच्या काचेचं काम बघणाऱ्या इंजिनिअरलाच त्यात घेतलं, काचेने भारही पेलावा म्हणून. मला ते रिकामं नाही वाटत, उलट सगळं काम त्या पृष्ठभागातच गेलंय.

चीफ_मेट_रत्नागिरी
मी मालवाहू जहाजांवर आहे, १४ वर्षं डेकवर. उभी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, मला पटते, तेवढ्याच लांबीत पाण्याला टेकलेला भाग जास्त मिळतो म्हणजे बोट पाणी नीट कापते. पण नाळ वर जाताना बाहेर फाकत नसेल तर लाटेचं पाणी बाजूला फेकलं जात नाही, पुढच्या डेकवर येतं. मला खटकतो तो मोकळा डेक. दोर बांधायचे खुंटे, दोर ओढायचं विंच, नांगराची साखळी, हे कुठल्याही बोटीतून काढता येत नाही, फक्त झाकणाखाली जातं. आणि प्रत्येक झाकणाला बिजागरी, रबर, पाणी जायची वाट लागते, खारं पाणी यातलं काहीच सोडत नाही, हे सगळं रोज खलाशांना पुसावं लागतं. मयूरेश, कुठे थांबायचं ते काही ठिकाणी नियमच सांगतो. ५० मीटरच्या वरच्या बोटीला दोन मास्टहेड दिवे, म्हणजे उंचावरचे पुढे दिसणारे पांढरे दिवे, लागतात, मागचा पुढच्यापेक्षा उंच. रडारलाही मोकळी नजर हवी. डिझायनर कितीही मोठा असो, हे राहणारच.

निनाद_आइंडहोवन
स्टार्कचीच २००८ ची ‘मोटर यॉट ए’ नावाची बोट शेजारी ठेवून बघा, ११९ मीटर, नाळ उलटी मागे झुकलेली, पाणबुडीसारखी. तीही तितकीच सपाट आहे, पण ती बघणाऱ्याला दम देते. व्हीनस तसं करत नाही, म्हणून मला दोघींत तीच सरस वाटते. ब्रिजमध्ये, म्हणजे बोट चालवायच्या खोलीत, २७ इंची आयमॅक रांगेने ७ लावलेत, ते बाहेरून काचेतून दिसतात, म्हणजे आत-बाहेर एकच हात फिरलाय. दोन्ही बोटी एकाच माणसाच्या, तरी मिनिमल म्हणजे एकच काहीतरी असं नाही ना.

मयूरेश_के
सायलीताई, स्कर्टिंगचं उदाहरण डोक्यात बसलं, मी ते खोकं खोकं म्हणत होतो ते फोटो लांबून घेतलेले होते म्हणूनही असेल. मेट साहेब, एक राहिलं, उभ्या नाळेवर नांगर लटकताना बॉडीवर आपटत नाही का?

चीफ_मेट_रत्नागिरी
आपटू शकतो, म्हणूनच अशा बोटींवर नांगरासाठी बाजूला खोबणी करतात, बऱ्याचदा वर झाकण. कंपनीचे फोटो बोट चालू असतानाचे असतात, सगळं बंद. तू नांगरून उभ्या असलेल्या बोटींचे फोटो शोध, झाकणं उघडी, शिड्या बाहेर, छोटी बोट खाली सोडलेली. त्यात पण रेषा नीट लागत असतील तर डिझाइन जमलं म्हणायचं.