4 फुटी टँकमध्ये कोणते शिकारी मासे एकत्र राहतील?

तापीकाठ (भुसावळ)
टँक 4 × 1.5 × 1.5 फूट. पाणी बोअरचं, जड, पीएच 8.2. टॉप फिल्टर ताशी 1,000 लिटरचा. घ्यायचे आहेत: ऑस्कर 2, सिल्व्हर अरोवाना 1, रेडटेल कॅटफिश 1. दुकानात तिन्ही 3-4 इंचांचे आहेत आणि एकाच टाकीत शांत आहेत. जमेल का? मे महिन्यात पाणी 34 अंशांवर जातं, त्यावर उपाय काय?

काचघर (जळगाव)
भाऊ, अरोवाना आणि रेडटेल यादीतून काढाच. अरोवाना अडीच-तीन फुटांची होते, रेडटेल तीन फुटांच्याही पुढे जातो. तुमची टाकी दीड फूट रुंद, त्यांना वळताही येणार नाही. दुकानातल्या शांततेवर जाऊ नका, ती पिल्लं आहेत. शिकारी माशाच्या तोंडात जे मावतं ते त्याचं खाद्य, आणि रेडटेलचं तोंड फार मोठं.

ऑस्कर फूटभर होतो. टाकी काठोकाठ भरली तर 255 लिटर, दगड-वाळू आणि वरची जागा सोडून 210च्या आसपास. त्यात एकच ऑस्कर, तोही एकटा.

जोडीला मासे हवेच असतील तर ऑस्कर सोडा आणि हे घ्या: सेनेगल बिचिर 2, सेवेरम 1, फायरमाउथ 1. बिचिर तळाशी, सेवेरम मध्यावर, त्यामुळे जागेवरून भांडण कमी. बिचिर 5 इंचांचे बघून घ्या, बाकीचे उंच अंगाचे 3-4 इंची. सगळे एकदमच सोडा. आधी आलेला मासा टाकीवर हक्क सांगतो. फ्लॉवरहॉर्न हा भांडखोर संकरित मासा यात चुकूनही नको.

बिचिरची नजर अधू, तो वासावर खातो. तोवर सेवेरम सगळं फस्त करतो. म्हणून लाइट बंद झाल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका. तो हवा घ्यायला वर येतो, त्यामुळे पाणी आणि झाकण यांत 2 इंच अंतर हवं. पाइपाभोवतीची फटही बुजवा, बारीक फटीतूनही बिचिर बाहेर पडतो. खायला जिवंत गोल्डफिश घालू नका: रोग येतात, आणि त्यातल्या थायमिनेजमुळे बी1 जीवनसत्त्व नष्ट होतं.

पांझरा (धुळे)
काचघर यांची यादी बरोबर आहे. पण खरी अडचण पाण्यात आहे. माशांच्या मलातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. 25 अंशांवर पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की 5 टक्क्यांच्या वर. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे आपल्या बोअरच्या पाण्यात जास्तीचं खाद्य लवकर अंगाशी येतं. पीएच उतरवायला औषधं ओतू नका, जड पाण्यात तो पुन्हा चढतो आणि त्या हेलकाव्यानेच मासे मरतात.

फिल्टर अपुरा आहे. ताशी किमान 1,500 लिटर हवा. मासे आणण्याआधी 4 ते 6 आठवडे अमोनियाचा थोडा स्रोत देऊन टाकी सायकल करा, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे. पुढे दर आठवड्याला 70 लिटर पाणी बदला, नायट्रेट 40 पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली ठेवा.

उन्हाळ्यासाठी पृष्ठभागावर तिरका पंखा लावा. आपल्याकडची हवा कोरडी, बाष्पीभवन जोरात होतं, 2-3 अंश सहज उतरतात. मात्र उडालेल्या पाण्याचे क्षार मागेच राहतात, म्हणून वरून भर घालताना आरओचं शुद्ध पाणी घाला, त्याचं वाया जाणारं पाणी नको. बर्फाच्या बाटल्या टाळा. खाद्य निम्मं करा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) दिवसरात्र चालू ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

तापीकाठ (भुसावळ)
धन्यवाद दोघांनाही. पंखा लावायचा तर झाकण उघडं राहील, मग बिचिरचं काय? आणि लाइट गेली तर?

पांझरा (धुळे)
काचेच्या जागी ॲल्युमिनियमची जाळी चौकटीत बसवा, क्लिपांनी घट्ट. लाइट जाईल तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, त्याला स्पंज फिल्टर जोडा. पुढे कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) घेतलात आणि तो काही तास बंद राहिला, तर आतलं पाणी फेकून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मग चालू करा. आत कुजलेलं पाणी थेट टाकीत गेलं तर सगळे मासे एकदम जातात.