मदत हवी आहे: रश्श्यात फोडून सोडलेली अंडी विस्कटतात

कांदा-सुकं खोबरं भाजून केलेल्या वाटणाचा रस्सा, त्यात अंडी न उकडता थेट फोडून सोडायची, हा आमचा रविवारचा बेत. चव जमते, अंडी नाही. पांढरं पसरून चिंध्या होतात आणि ते धरेपर्यंत पिवळं पार खडखडीत.

अंडी वाटीत फोडून कडेने सोडून पाहिली, आचही मंद ठेवली. पातळ पांढरं चहाच्या गाळणीतून काढलं. याने बराच फरक पडला, पण गाळणी बघून आई वैतागते. साध्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून सुरेख होतात, पण मग रश्श्यात पाहुण्यासारखी बसतात, मसाला लागतच नाही.

अंडी इथल्याच, कोथरूडच्या दुकानातली. किती दिवसांची देव जाणे, पाण्यात टाकली तर तळाशी उभी राहतात. पसरट कढई, इंडक्शन, एका वेळी 6 अंडी. वडिलांना कच्चं पिवळं चालत नाही, मऊ पण धरलेलं हवं.

रस्सा आधी आटवून दाट करावा, की पातळच ठेवून झाकण घालावं? आणि अंडी सोडण्याआधी चिंच किंवा कोकम घातलं तर व्हिनेगरसारखा उपयोग होईल का?