म्युझिकल थिएटरच्या ऑडिशनसाठी गाणी कशी निवडावीत?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील महाविद्यालयांत म्युझिकल थिएटरच्या (गाणे, नृत्य आणि अभिनय एकत्र असलेल्या नाट्यप्रकाराच्या) पदवीसाठी अर्ज करणार आहे. अनेक ठिकाणी आधी व्हिडिओ मागवून त्यातून निवडलेल्यांनाच प्रत्यक्ष ऑडिशनला बोलावतात. तिचा आवाज उंच पट्टीत उत्तम लागतो, तर दोन्ही गाणी तशीच घ्यावीत का?

उत्तर १ : तशी घेऊ नयेत. एक संथ आणि एक जलद, अशी परस्परविरोधी गाणी निवडली, तर आवाजाबरोबर अभिनयाचा आवाकाही दिसतो. प्रत्यक्ष ऑडिशनमध्ये बहुधा १६ किंवा ३२ बारांचाच (बार म्हणजे स्वरलिपीतील ठरावीक मात्रांचा एक गट) तुकडा ऐकतात, म्हणून तो कोठून सुरू होतो हे स्वरलिपीवर ठळक लिहावे. माझ्या मुलाने पेन्सिलीने पुसट खूण केली होती. पियानोवादकाने चार बार आधीपासून वाजवायला घेतले आणि मुलगा पहिल्याच ओळीला अडखळला.

उत्तर २ : गाण्यांबरोबर सादर करायच्या स्वगताकडे दुर्लक्ष नको; ते वयाला शोभणाऱ्या पात्राचे असावे. नृत्याचे म्हणाल, तर चुकलेल्या पावलापेक्षा चुकल्यावर पडलेला चेहरा लवकर नजरेत भरतो.

उत्तर ३ : न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस येथे अनेक महाविद्यालये एकत्रित ऑडिशन घेतात, त्यामुळे प्रवास वाचतो, मात्र एका दिवसात तीनहून अधिक ऑडिशन ठेवल्यास गळा बसण्याची भीती असते.