टिकणाऱ्या वस्तू: आधी काय झिजतं आणि ते कसं बदलायचं?

वस्तू बंद पडली की 'आता नवीनच घेऊ' हे फार पटकन तोंडात येतं. बहुतेक वेळा अख्खी वस्तू गेलेली नसते, एखादा भाग गेलेला असतो. ज्यांचा ज्या वस्तूवर हात बसलाय त्यांनी तिच्याबद्दल लिहा. आठवणी नकोत, कृती हवी.

*

छताचा पंखा. वेग मंदावला म्हणजे मोटर जळली असं नाही, बऱ्याचदा कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा छोटा डबीसारखा भाग) उतरलेला असतो. चालू केल्यावर पंखा नुसता गुणगुणतो आणि पातं काठीने ढकललं की फिरू लागतो, ही त्याची खूण. मेन स्विच बंद करा, इन्सुलेटेड स्क्रू-ड्रायव्हरने कपॅसिटरची दोन्ही टोकं जोडून उरलेला चार्ज काढा आणि मगच वायर सोडवा. नवा घेताना जुन्यावर छापलेला आकडाच बघायचा. पुष्कळ पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरड असतो. वेग वाढावा म्हणून मोठा लावू नका, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं.

खरखर येत असेल तर बेअरिंग (दांडा ज्यात फिरतो ती छर्‍यांची कडी) झिजलंय. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो. ६२०२ म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा ३५ आणि जाडी ११ मिलिमीटर, मग बनवणारी कंपनी कुठलीही असो. ही माप ठरवून ठेवण्याची शिस्त मला फार मोलाची वाटते. पंख्याचं मॉडेल बंद झालं तरी बेअरिंग मिळत राहतं.

*

बिडाचा तवा गंजला म्हणून टाकून देऊ नका. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तवा त्यात बुडवा, पण जास्तीत जास्त तासभर. त्यापुढे आम्ल गंज सोडून लोखंडच खायला लागतं. घासून धुवा आणि लगेच आचेवर कोरडा करा, कारण ओलं उघडं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं. कोमट असतानाच तेलाचं बोट फिरवा आणि नंतर कोरड्या फडक्याने असं पुसा, जणू लावलेलं सगळं तेल काढून टाकायचंय. उरतो तो थर पुरेसा असतो. ओव्हनमध्ये उपडा ठेवून २३० ते २५० अंश सेल्सिअसवर एक तास, मग आतच गार होऊ द्या. असे तीन-चार हात द्या.

तवा चिकट झाला तर बहुतेक वेळा कारण एकच: तेल जास्त झालं. आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका. बीड ठिसूळ असतं, तडकलं की संपलं.

*

मिक्सरची मोटर फिरते पण पातं फिरत नाही? कपलर (मोटरचं फिरणं भांड्यातल्या पात्याला पोचवणारी दातेरी चकती) बघा. तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो. भांडं अडकलं की त्याचे दात जावेत आणि मोटर वाचावी, यासाठीच. काढताना सावध, बऱ्याच मिक्सरमध्ये आटे उलटे असतात आणि कपलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. मोटरमध्ये जास्त ठिणग्या दिसू लागल्या तर बहुधा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत. ते जोडीनेच बदलायचे.

*

शिलाई मशीनला खाद्यतेल घालू नका. ते हवेने घट्ट होऊन डिंकासारखं बसतं आणि मशीन जाम होतं. मशीनचं पातळ तेल प्रत्येक छिद्रात एक-दोन थेंब, मग चिंधीवर थोडी शिलाई मारायची म्हणजे जादाचं तेल कापडाला लागत नाही. टाके सुटत असतील तर सेटिंगला हात लावण्याआधी सुई बदला. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेला धाग्याचा भुसा ब्रशने काढा, फुंकर मारली तर तो आणखी आत जातो.

*

जपून ठेवलेली वस्तू टिकते हे बुटांना सरसकट लागू नाही. पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या हलक्या प्लॅस्टिकचा) सोल हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो आणि डब्यात पडून असलेला बूटही काही वर्षांनी भुसभुशीत होतो. असे बूट घातलेलेच बरे. वर्षानुवर्षं हवे असतील तर शिवलेला, बदलता येणारा सोल घ्या.

*

वस्तू दुरुस्त करता येईल का, हे बरंचसं खरेदीच्या वेळीच तपासता येतं. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये वॉशिंग मशीन, टीव्ही, लॅपटॉप, स्मार्टफोन यांवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण दाखवणं सक्तीचं झालं. त्यात माहितीपुस्तिका मिळते का, उघडायला किती सोपं आहे, सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि त्यांची किंमत काय, हे धरलं होतं. तेच प्रश्न आपण दुकानात विचारावेत. पाठीमागे स्क्रू आहेत की नुसतं चिकटवलंय, हे उलटं करून बघायला तर कुणाला विचारावंही लागत नाही.