मदत हवी आहे: डिस्पॅचला लई वेळ लागायलाय, कोणतं ईआरपी घ्यावं?

जालन्याचा_गडी: राव तातडीनं सांगा. एक गाडी गेटबाहेर काढायला दोन-दोन तास लागायलेत, ड्रायव्हर शिव्या घालतेत, पार्टीचे फोन वेगळेच अन् साहेब म्हणतेत तुम्ही पोरं मोबाइल बघत बसता. ईआरपी घ्यावं म्हणतो, म्हणजे बिल, स्टॉक, हिशेब सगळं एकाच सॉफ्टवेअरात, लाखाच्या आत बसंल असं कोणतंय? ज्ञान नको, नाव सांगा.

वाळूजकर: माल काय? रोज किती गाड्या? तुम्ही कुठं बसता, अकाउंटला का स्टोअरला?

जालन्याचा_गडी: सळई. जालन्यात अजून काय भरणार. वीस-पंचवीस गाड्या. मी बिलिंगला.

टॅलीमास्तर: ईआरपी कशाला, टॅली प्राइममधूनच ई-इन्व्हॉइस (सरकारी जीएसटी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) अन् ई-वे बिल (माल गाडीतून न्यायचा जीएसटीचा कागद) दोन्ही निघतं. उलाढाल ५ कोटींच्या वर असणारच तुमची, म्हणजे ई-इन्व्हॉइस सक्तीचंच. पोर्टलवर परत टाइप करता काय?

जालन्याचा_गडी: नाही हो, टॅलीतूनच काढतो. पाच मिनिटं बी लागत नाहीत.

वाळूजकर: मग दोन तास जातेत कुठं?? गाडी आत आल्यापासून कागद कुणाकुणाकडं जातो ते ओळीनं लिहा की.

जालन्याचा_गडी: रिकामी गाडी काट्यावर, भरती, परत काटा. काटेवाला रजिस्टरला वजन लिहितो, पोरगा चिठ्ठी आणतो पण तीन-चार जमल्याबिगर तो हलतच नाही. मी बिल करतो, साहेबांची सही, गेटपास. झालं.

फाइव्ह_एस_भाऊ: आमच्याकडं फाइव्ह एस लावलं, म्हणजे कामाची जागा आवरून नीट ठेवायची जपानी पद्धत, रॅकला लेबल, जमिनीवर पिवळे पट्टे, कंपनीचं रूपच पालटलं. आधी टेबल आवरा.

टॅलीमास्तर: टेबल आवरून गाड्या निघायल्या असत्या तर काय पाहिजे होतं.

घाटावरचा: ते सोडा, समृद्धीचा टोल बघितला का कुणी?

काटेवाली_ताई: मी काट्यावरच असते. काट्याच्या इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवतो त्या डब्याला, कॉम्प्युटर जोडला की वजन सरळ हपिसात दिसतं, तोवर चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकायला लावा. बरं, साहेब सहीला असतेत कधी?

जालन्याचा_गडी: सकाळी प्लांटवर, मग जेवायला घरी, चारनंतर टेबलावर. मागं एका बिलात वजन चुकलं तेव्हापासून प्रत्येक बिल स्वतः बघतेत.

काटेवाली_ताई: हे आत्ता सांगायलाव होय!

टॅलीमास्तर: बिल छापल्यावर बघणं म्हणजे वरातीमागून घोडं. आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा पोर्टलवरचा नंबर) निघाला की पोर्टलवर बिल दुरुस्त होत नाही, २४ तासांत रद्द करायचं, नाहीतर क्रेडिट नोट, म्हणजे जादा लावलेली रक्कम वजा करायचा कागद. ई-वे बिलात बी गाडी नंबर बदलता येतो, रक्कम नाही. वजन ताडायचं ते बिलाच्या आधी.

वाळूजकर: रोजची पार्टी, ठरलेला रेट, त्याला तुमचीच सही चालू द्या. नवी पार्टी, उधारी वर गेलेली, नाहीतर ऑर्डर अन् काट्यात फरक, तेवढंच साहेबांकडं.

जालन्याचा_गडी: हे साहेबांना सांगायला तुम्ही येता का?

काटेवाली_ताई: तोंडी सांगूच नका. आठवडाभर प्रत्येक चिठ्ठीवर चार ठिकाणची घड्याळाची वेळ टाका: काटा, बिल, सही, गेट. तो कागद पुढं ठेवा, त्यांनाच दिसंल.

वाळूजकर: अन् सीएला मधी घाला. मालक लोक सीएचं ऐकतेत.

फाइव्ह_एस_भाऊ: पट्टे मारायचा खर्च फार नाही बरं का.

बीकॉम_पास: तुमच्याकडं बिलिंगला जागा हाय का?

जालन्याचा_गडी: @बीकॉम_पास टॅली येतं का? @काटेवाली_ताई सोमवारपासून वेळा टाकायला लावतो, काटेवाला कुरकुर करंल पण बघू. सीए आमचा साहेबांचा मेव्हणाच हाय.