रहस्य कळल्यावरही उरणारी भीती

गेल्या आठवड्यात रात्री आम्ही घरातले सातजण ‘बीस साल बाद’ पाहत बसलो होतो आणि ऐन मोक्याला वीज गेली. कोल्हापुरात पंचगंगेला पाणी चढत होते, पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, आणि मेणबत्ती सापडेपर्यंत कोणीही जागचे हलले नाही. गंमत अशी की, सातांपैकी चौघांना शेवट तोंडपाठ होता. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. आपल्या जुन्या भूतपटांतली बहुतेक भुते अखेरीस माणसेच निघतात. कोणाला इस्टेट हवी असते, कोणाला सूड उगवायचा असतो. एकदा हे कळले की भीतीचे पुढे काय होते? ज्यांनी असा एखादा चित्रपट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहिला आणि तरीही ज्यांच्या अंगावर काटा आला, त्यांनी तो सुचवावा, कोठे व कसा पाहिला तेही लिहावे. अट एकच, रहस्य फोडू नये.

मंगळवार पेठेतील निवृत्त शिक्षिका

माझे उत्तर ‘महल’. तो प्रदर्शित झाला 1949 साली, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. कॉलेजात असताना मॅटिनीला पाहिला. कमाल अमरोही यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट, आणि छायाचित्रण योसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थांचे, ज्यांना काळोखाचेही थर असतात हे पुरते ठाऊक होते. ‘आएगा आनेवाला’ हे गाणे दुरून जवळ येत आहे असे वाटते, त्यामागची युक्ती लताबाईंनीच पुढे सांगितली होती: मायक्रोफोनपासून लांब उभे राहून गायला सुरुवात करायची आणि गात गात पावलापावलाने जवळ यायचे. त्या वेळच्या तबकडीवर गायिकेचे नाव ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचेच, छापलेले होते. गाणाऱ्या व्यक्तीला नाव नसणे हेही त्या कथेला साजेसेच झाले.

आमच्या वाड्यात माजघरात झोपाळा होता आणि त्याच्या एका कडीला तेल घातले तरी ती कुरकुरायची. त्या दिवशी घरी आले तेव्हा झोपाळा रिकामा होता आणि किंचित हलत होता. आजी नुकतीच उठून देवघरात गेली होती एवढेच. कारण मला दुसऱ्या क्षणाला कळले, पण पुढचा आठवडाभर मी त्या झोपाळ्याला पाठ करून बसले नाही. आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर त्यात आले.

शाहूपुरी

‘मधुमती’ (1958) या प्रश्नात बसत नाही असे मला वाटते, कारण तिथे रहस्य उलगडून भीती संपवण्याचा खटाटोपच नाही. बिमल रॉय यांच्यासाठी ही कथा ऋत्विक घटक यांनी लिहिली आणि तिच्यात मेलेले माणूस खरोखरच परत येते. धुक्याविषयी मात्र सांगण्याजोगे आहे. नैनितालकडे केलेल्या चित्रणाच्या फिती धुवून पाहिल्या तेव्हा त्यांतला बराच भाग धुरकट निघाला, तेव्हा वैतरणा धरणाजवळ पाइनची नकली झाडे उभी करून ते प्रसंग पुन्हा चित्रित केले गेले. पन्हाळ्यावर श्रावणात तीन दरवाजापाशी उभे राहिल्यावर दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, तेव्हा मला ती झाडे नकली होती यावर विश्वास ठेवणे जड जाते.

शिवाजी पेठ

भूत नको, संशय चालेल का? चालत असेल तर राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964). लोक ‘मेरा साया’ची नावाजणी करतात, पण तो दोन वर्षांनी आलेला याचाच हिंदी अवतार, हे आमच्या आईला दर वेळी सांगावेसे वाटते आणि ते रास्त आहे. वकिलाची पत्नी वारलेली आहे आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी बाई न्यायालयात उभी राहून ‘मीच ती’ म्हणते, एवढ्या एका गोष्टीवर अख्खा चित्रपट तोलून धरला आहे. तिला घरातल्या अशा खाजगी गोष्टी माहीत असतात की नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे आशाबाईंचे गाणे रेडिओवर लागले की आई हातातली भाजी निवडायची थांबते. शेवट तिला माहीत आहे, तरी थांबते.

राजारामपुरी

मी वयाने लहान आहे आणि हे चित्रपट मी लॅपटॉपवर पाहिले, त्यामुळे थिएटरची आठवण माझ्यापाशी नाही. सुचवतो तो इंग्रजी ‘द इनोसंट्स’ (1961), दिग्दर्शक जॅक क्लेटन. रुंद पडद्याच्या कडा काळोख्या राहाव्यात म्हणून छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी रंगवलेले फिल्टर वापरले होते. मधोमध डेबोरा कर मेणबत्त्या घेऊन चालते आणि दोन्ही बाजूंना काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पण मला भीती वाटली ती दिवसाउजेडी. तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यांत, काळ्या कपड्यांतली एक बाई नुसती उभी असते. ती काही करीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे रंकाळ्यावर फिरायला गेलो, शालिनी पॅलेसच्या बाजूला पाणवनस्पतींत कोणीतरी उभे होते, आणि मी अर्ध्यातूनच परतलो. बहुधा मासे पकडणारा असावा. जाऊन बघायला हवे होते, पण नाही गेलो.

(मूळ प्रश्नकर्ता: ‘जाऊन न बघणे’ हे उत्तर मला फार पटले. पुढे चालू द्यावे.)

कसबा बावडा

रहस्य फोडण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. ‘बीस साल बाद’ (1962) पुन्हा लागला होता तेव्हा थोरल्या बंधूंनी तो आधी पाहिला आणि आम्हा धाकट्यांना तिकिटाच्या रांगेतच खुनी कोण ते सांगून टाकले. आम्ही चिडलो, पण आत गेलो. संपूर्ण चित्रपटभर आम्ही त्या एका माणसावर नजर रोखून बसलो होतो. तो हसला तरी दचकायचो, ‘कहीं दीप जले’ सुरू झाले तरी त्यालाच शोधायचो. शेवटी निघाला भलताच. दादांनी मुद्दाम खोटे नाव सांगितले होते. त्या निरपराध नटाला मी आजही पडद्यावर पाहतो तेव्हा मनात किंतु येतोच.

निवृत्त ऑपरेटर, जुना बुधवार

चाळीस वर्षे मशिनवर होतो. कोणत्या टॉकीजमध्ये ते राहू द्या. ऑपरेटरला रहस्य पहिल्याच दिवशी कळते, आणि पुढे दोन-तीन आठवडे तोच चित्रपट रोज तीन-चार वेळा चौकोनी काचेतून पाहावा लागतो. तेव्हा आपला प्रश्न मला कोणापेक्षाही जास्त लागू आहे. ‘वो कौन थी’ (1964) फेरप्रदर्शनाला आला होता. सुरुवातीला पाऊस, रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना, गाडीत बसल्यावर काचेवरचे वायपर बंद पडतात आणि पुढचा रस्ता ती सांगू लागते. त्या काळी आमच्या यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या जळत. त्यांच्यातले अंतर हाताने चाकी फिरवून जुळवीत राहावे लागे, नाहीतर उजेड पिवळा पडून चित्र मंद व्हायचे आणि खालून शिट्ट्या, शिव्या सुरू व्हायच्या. पहिल्या दिवशी नेमक्या या प्रसंगात माझे लक्ष काचेबाहेर गुंतले, कांडी जळत मागे सरली आणि पडदा अंधारला. शिट्टी आली नाही. सगळे थिएटर चिडीचूप.

दुसऱ्या दिवसापासून चित्रपट उतरेपर्यंत, तो प्रसंग आला की मी चाकीवरचा हात मुद्दाम काढून घेत असे. मॅनेजरसाहेबांना ते कधी कळले नाही.