डीपी रस्त्यात जमीन जातेय, ताबा आधी द्यावा की करारनामा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या आडगाव शिवारात आमची वडिलोपार्जित २० गुंठे जमीन आहे. त्यातून १८ मीटरचा डीपी रस्ता (महापालिकेच्या विकास आराखड्यातला रस्ता) जातो, मोजणीप्रमाणे साधारण ६ गुंठे जातील. रस्त्याला विरोध नाही. पावसाळ्यात त्या वाटेने काय हाल होतात ते आम्हीच भोगतो. काळजी कागदांची आहे.

मध्ये पडलेले एक गृहस्थ म्हणतात, "महापालिकेला आगाऊ ताबा देऊन टाका, टीडीआर मागाहून होईल." टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. वडील तयार आहेत, मला धास्ती वाटते. एकदा डांबर पडलं की आपल्या हातात काय उरतं?

एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) कलम १२६ वाचलं. वाटाघाटीने रोख मोबदला, टीडीआर किंवा एफएसआय (आपल्याच उरलेल्या जागेवर जादा बांधकामाचा हक्क), नाहीतर २०१३ च्या कायद्याने भूसंपादन, असे तीन मार्ग आहेत. रोखीला निधी लागतो, म्हणून सगळे टीडीआरच सुचवतात. दाट वस्तीबाहेर तो दिलेल्या जमिनीच्या दुप्पट मिळतो; ६ गुंठे म्हणजे सुमारे ६०० चौरस मीटर, म्हणजे आमचा सुमारे १,२०० चौरस मीटर. पण दुसरीकडे वापरताना दोन्ही जागांच्या रेडीरेकनर (सरकारी) दरांचं प्रमाण लागतं. गंगापूर रोडचा दर आमच्या दुप्पट धरला, तर तिथे त्याचे ६०० च होतात. बिल्डर भाव पाडून मागणार तो याचमुळे. त्यापेक्षा उरलेल्या १४ गुंठ्यांवरच एफएसआय घेतला तर? कोणी घेतलाय का?

आणखी एक अडचण. सातबाऱ्यावर वडील, काका आणि दोन आत्या आहेत. मोठ्या आत्या वारल्या, त्यांच्या मुलांची वारस नोंद राहिली आहे. शिवाय इतर हक्कात सोसायटीचा जुना बोजा दिसतो, कर्ज फिटलेलं असूनही. अशात महापालिकेशी करारनामा होईल का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, साध्या कागदावर ताबा अजिबात देऊ नका. आमच्या पाथर्डीच्या जमिनीच्या वेळी वकिलांनी हेच बजावलं होतं. आधी सोसायटीचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घेऊन बोजा कमी करा आणि वारस नोंद लावा. टीडीआरसाठी जमीन निर्वेध (बोजा किंवा वाद नसलेली) लागते, त्यामुळे एकाही हिस्सेदाराची सही राहून चालणार नाही. मग नोंदणीकृत करारनामा. त्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये, मोजणी नकाशा जोडलेला आणि विकास हक्क प्रमाणपत्र (टीडीआरचा कागद) कोणाकोणाच्या नावे निघणार ते स्पष्ट हवं. सातबाऱ्यावरून फक्त रस्त्याचंच क्षेत्र कमी होतंय ना, हेही फेरफार निघाल्यावर तपासा.

एफएसआयचं म्हणाल तर उरलेल्या जागेवर खरंच बांधायचं असेल तरच घ्या. पुढचा रस्ता किती रुंद, यावर तिथे एकूण किती एफएसआय बसेल ते ठरतं. आर्किटेक्टकडून तेवढं गणित करून घ्या आणि मगच वडिलांशी बोला.